दोन कोटी सतरा लाख सेहेचाळीस हजार सहाशे तीन

मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या फाटकाला जांभ्या चिऱ्याचा खांब आहे आणि खांबात एक काळी पाटी बसवलेली आहे. पाटीवर घराचं नाव नाही, मालकाचं नाव नाही. नुसता एक आकडा आहे: २१७४६६०३. त्याच्या खाली एक ओळ होती. ती घासून काढली आहे, म्हणून तेवढी पट्टी फिकट दिसते. बंदरावर बर्फ नेणारे टेम्पो त्या वळणावर हळू होतात आणि ड्रायव्हर मान बाहेर काढून आकडा वाचतात. काही जण फोनही लावून बघतात. लागत नाही. दोन आकडे कमी पडतात.

खालची ओळ माझ्यामुळे लिहिली गेली आणि माझ्यामुळेच घासली गेली. एवढं लिहायलाही मला बराच वेळ लागला. मी मुळात बोलणारा माणूस नाही. आमच्या घरी पाहुणे आले की मी चहा आणायला आत जातो आणि कप घेऊन बायको बाहेर येते.

मी इथल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. ज्यांचं हे घर आहे ते माझे सर. त्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. माझं गाव आत, घाटाच्या बाजूला. वडील मुंबईला हॉटेलात कामाला होते आणि मी इथे एका नातेवाइकांच्या पडवीत राहून शिकलो. रविवारी दुपारी जेवायला सरांकडे जायचं हे ठरलेलं असे. सरांच्या पत्नीला मी काकू म्हणायचो. काकू वाढताना म्हणायच्या, "हा मुलगा दोनच गोष्टी बोलतो. 'पुरे' आणि 'वाढा'. त्यातलं 'पुरे' खोटं असतं." पुढे शिक्षकाची नोकरी लागली तीही सरांनी चार ठिकाणी शब्द टाकला म्हणूनच.

सरांना एक खोड होती. दिसेल तो आकडा ते तपासत. एसटीचा नंबर, रिक्षाचा नंबर, दुधाच्या पिशवीवरचा नंबर, काहीही. बाकीचे लोक गर्दीत बघून "हा आपल्या ओळखीचा दिसतो" म्हणतात ना, तसं सर एसटीकडे बघून म्हणत, "मूळ आहे बरं का." एक आणि ती स्वतः सोडून कोणीही जिला पूर्ण भागू शकत नाही ती मूळ संख्या. हे सातवीत शिकायचं असतं आणि आठवीत विसरायचं असतं. सर विसरले नाहीत एवढंच. त्यांच्या तंद्रीत एकदोन एसट्या निघूनही जात. काकू पिशवी घेऊन स्टॅंडवर उभ्या, आणि सर गेलेल्या गाडीला सातने भागत उभे.

काकू शेवटी आजारी पडल्या तेव्हा घरीच होत्या. एकदा मी भेटायला गेलो होतो. सर खाटेजवळ औषधाच्या पट्टीवरचा बॅच नंबर भागत बसले होते आणि गोळी द्यायची राहिली होती. काकू काही वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो नंबर ठेवा. मी देते तुम्हाला एक. दोन, एक, सात, चार, सहा, सहा, शून्य, तीन. ही मूळ आहे का सांगा. आणि मधल्या वेळेत गोळी द्या."

सरांनी गोळी दिली. मग म्हणाले, "अंकांची बेरीज एकोणतीस, तीन जात नाही. सातने चार उरतात. अकराही नाही. अगं, ही सोपी नाही."

"सोपी द्यायला तुम्ही काय आठवीत आहात?"

त्यानंतर काही दिवसांनी काकू गेल्या. हे आकडे त्यांनी कुठून आणले ते कोणालाच कळलं नाही. माझ्या बायकोचं मत, तोंडाला येतील ते बोलल्या. वाडीतल्या लोकांचं मत, कोणाचातरी फोन नंबर सांगत होत्या, शेवटचे दोन आकडे राहून गेले. सरांचं मत काही नव्हतं. त्यांना प्रश्न विचारलेला होता आणि उत्तर द्यायचं होतं.

दिवसकार्य आटोपलं त्या दिवशी त्यांनी मला ओटीवर बसवून सांगितलं, "वर्गमूळ चार हजार सहाशे त्रेसष्टच्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकट्याने मला दिवाळी ओलांडेल. तू निम्म्या घे."

मी म्हटलं, "सर, मोबाइलवर एका सेकंदात..."

"आकडा तिने मला दिलाय. मोबाइलला दिलेला नाही."

मग वाटणी झाली. मूळ संख्यांत दोन आणि पाच सोडले तर बाकी सगळ्यांच्या शेवटी एक, तीन, सात किंवा नऊ असतो. सर म्हणाले, "एक आणि तीन माझ्याकडे. सात आणि नऊ तुझ्याकडे." एखाद्या घरच्या आमराईची वाटणीसुद्धा इतकी सरळ होत नाही. माझ्या वाट्याला तीनशेच्या आसपास संख्या आल्या. मी मान हलवली.

पावसाळाभर रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. "कुठे पोचलास?" मी सांगायचो, दोनशे सत्तावन्न. "बाकी?" मी बाकी सांगायचो. ते मोठ्याने पुन्हा म्हणायचे आणि टिपून घ्यायचे. तीनशे सत्त्याण्णवपर्यंत मी खरोखर भागाकार केले, कागदावर, हाताने. मग पहिल्या चाचणीचे पेपर आले तपासायला, म्हणून एक दिवस राहिला.

एवढंच लिहून थांबलो असतो तर पेपरांवर ढकलल्यासारखं झालं असतं. पेपर दोन दिवसांत संपले. माझ्या टेबलाच्या खणात कॅल्क्युलेटर होता, तोही मी काढला नाही. मला कंटाळा आला होता. आणि मनातून मला ते सगळं खुळेपणाचं वाटत होतं, म्हणजे म्हाताऱ्याचं मन राखायचं झालं. संध्याकाळी मी मोबाइलवर जुन्या मोटारी धुऊन चकाचक करतात त्याचे व्हिडिओ बघत बसायचो. सरांचा फोन आला की व्हिडिओ थांबवायचा, बाकी सांगायची आणि पुन्हा सुरू करायचा.

खोटी बाकी सांगायलाही कसब लागतं. ती भाजकापेक्षा लहान हवी. शंभर, दोनशे अशी वाटोळी नको, संशय येतो. फार लहान नको. कालचीच आज नको. हळूहळू मला त्यात गती आली. कधी सर खूष व्हायचे. "एकशे बारा? वा. सात सोळे एकशे बारा." जणू मी बाजारातून चांगली सुरमई निवडून आणली आहे. मला त्या कौतुकाने बरं वाटायचं हेही सांगून टाकतो.

गणपती गेल्यावर काही दिवसांत शेवट आला. माझी शेवटची संख्या चार हजार सहाशे सत्तावन्न. मी काहीतरी बाकी सांगितली. सरांची शेवटची, चार हजार सहाशे त्रेसष्ट, त्यांनी फोन कानाला धरूनच भागली. मला पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. "तीन हजार चौतीस उरले," ते म्हणाले. मग म्हणाले, "मूळ आहे रे. तिने मूळ दिली."

मी "हो सर" म्हटलं.

इथवर गोष्ट आमच्या दोघांत होती. पण सरांना ती फाटकावर हवी झाली. त्यांच्या शेजारी एक गवंडी राहतो. चिऱ्याचं बांधकाम करतो आणि देवळाचा मानकरीही आहे. तो म्हणाला, "मास्तर, चिऱ्यावर आकडे उठायचे नाय, भोकं असतात. काळी फरशी लावू." त्याने खांब बांधला, आकडा कोरून घेतला आणि खाली सरांच्या सांगण्याप्रमाणे दोनच शब्द: मूळ संख्या.

पाटी लावल्यावर रोज कोणीतरी आत येऊन सरांना सांगे की नंबर चुकलाय. मासे घेऊन येणारी बाई टोपली उतरवून म्हणाली, "मास्तर, दोन आकडं खाल्लान पाटीवाल्यान. परत करून घ्या." सरांनी तिला मूळ संख्या समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंल. पन फोन लागाचा नाय तो नायच."

आता आमच्याकडे बोअर मारा, गाडी घ्या, नाहीतर नवी होडी पाण्यात ढकला, ते देवाच्या कानावर घातल्याशिवाय पुरं होत नाही. एकाने मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला रुकार द्यायचा. हा गवंडी गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. त्याने एका घरी वॉशिंग मशीनचंही गाऱ्हाणं घातलेलं मी ऐकलेलं आहे. दसऱ्याला सकाळी त्याने सरांच्या फाटकाशी नारळ ठेवला. गल्लीतली माणसं जमली, मासेवाली होती, एक रिक्षावाला प्रवाशासकट थांबला होता. सर धुतलेला सदरा घालून उभे. मी त्यांच्या शेजारी.

गवंड्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज मास्तरांनी आपल्या मंडळींच्या नावानं ह्यो आकडा दारात हुबा केला हाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्यो आकडा साधासुधा नाय. ह्येला एक, आनि त्यो सोता, ह्ये सोडून आजवर कुनी भागलेला नाय."

"व्हय म्हाराजा."

"मास्तरांनी निम्मं बघितलंन, ह्या सरांनी निम्मं बघितलंन. दोघांनी मिळून खात्री केली हाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि माझ्याकडे बघू लागले, कारण मी म्हटलं नव्हतं. गवंडी थांबून राहिला. सगळे म्हणेपर्यंत गाऱ्हाणं पुढे जात नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"म्होरं कुनी वाकड्या नजरंनं ह्येला भागाय आला, तर त्येची बाकी उरव रं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

रिक्षातल्या प्रवाशानेही म्हटलं. नारळ फुटला. सरांनी मला खोबरं दिलं आणि पाठीवर हात ठेवला. सरांचा हात माझ्या पाठीवर पूर्वी फक्त छडीच्या निमित्ताने आलेला होता.

माणसाला सांगितलेलं खोटं मी पचवलं होतं. पण त्या दुपारी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मी मोबाइल घेतला आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. आकडा टाकताना मी मनात म्हणत होतो, मूळच निघेल. इतक्या संख्यांनी भागली गेली नाही, म्हणजे निघायलाही हरकत नव्हती. मोबाइलने क्षणभरही विचार केला नाही. तीन हजार सहाशे सात गुणिले सहा हजार एकोणतीस.

मी आधी काय बघितलं तेही सांगतो. मी पहिल्या संख्येचा शेवटचा अंक बघितला. तिथे तीन असता तर चूक सरांची झाली असती. तिथे सात होता. दुसरीच्या शेवटी नऊ. दोन्ही अंक माझ्याच वाट्याचे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा."

"सांगतो."

"तुमचं सांगणं मला माहीत आहे. मी पसंत आहे हे तुमच्या मामांनी येऊन सांगितलं होतं."

मी तीनचारदा सांगायला गेलो. प्रत्येक वेळी सर त्या आकड्याच्या नव्या गुणात बुडालेले असत. मूळ आहे एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं, तिचा सगळा स्वभाव त्यांना कळून घ्यायचा होता. "वर्ग नाही. त्रिकोणीही नाही, बघितलं. दोन वर्गांची बेरीज होत नाही, कारण चारने भागलं तर तीन उरतात, तिथेच संपलं. आणि न्यून आहे, अतिशय न्यून. एवढा मोठा देह, पण स्वतःला सोडलं तर विभाजक एकच, तो म्हणजे एक."

मी म्हणायला गेलो, "सर, तो विभाजक..."

"आणि आनंदी नाही."

"कोण?"

"संख्या. अंकांचे वर्ग करून बेरीज करायची, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. एकवर येऊन थांबली तर तिला आनंदी म्हणतात. ही एकशे एक्कावन्नला जाते, मग सत्तावीस, त्रेपन्न, चौतीस, पंचवीस, एकोणतीस, पंच्याऐंशी, आणि एकोणनव्वदला पोचली की गोल गोल फिरत राहते. कधीच थांबत नाही." मग म्हणाले, "ती आनंदी होती असं मला वाटत होतं."

या वेळी मी कोण म्हणून विचारलं नाही. चहा पिऊन घरी आलो.

डिसेंबरात शाळेत गणित दिन असतो. पाहुणे म्हणून सरांना बोलवावं असं मुख्याध्यापकांनीच ठरवलं, आणि आमंत्रण द्यायला मलाच पाठवलं. सरांनी विषयही सांगून टाकला: एका संख्येची ओळख. मुलांकडे मोबाइल असतात. शाळेत आणायला बंदी आहे, म्हणजे दप्तरात असतात. सर फळ्यावर आकडा लिहून मूळ म्हणणार, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी तीन हजार सहाशे सात असं ओरडणार. सगळी शाळा हसणार. चाळीस वर्षं ज्यांनी फळ्यावर एक चूक केली नाही ते सर खडू घेऊन तिथे उभे.

भाषणाच्या दोन दिवस आधी सरांनी तालीम म्हणून मला बोलावलं. ओटीवर एक काळी रंगवलेली फळी टेकून ठेवली होती. मी पायरीवर बसलो. सर बोलत गेले. शेवटी म्हणाले, "आणि इथे मी सांगणार, ही संख्या मूळ आहे हे दोन माणसांनी हाताने तपासलं. मग तुला उभा करणार. टाळ्या झाल्या की बस."

मी म्हटलं, "सर, तीन हजार सहाशे सात."

"त्याचं काय? तुझा होता. बाकी एकशे बारा."

म्हणजे एकशे बारा त्यालाच दिले होते. मला आठवतही नव्हतं.

"बाकी उरत नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फळीकडे वळून भागाकार मांडला. बोलत बोलत करायची त्यांची पद्धत. "एकवीस हजार सातशे सेहेचाळीस. सहाने जातो. उरले एकशे चार. वरचा सहा घेतला, एक हजार सेहेचाळीस, शून्य. वरचा शून्य घेतला, दोनने जातो. उरले तीन हजार दोनशे सेहेचाळीस. वरचा तीन." खडू थांबला. फळीवर बत्तीस हजार चारशे त्रेसष्ट उभे होते. नवाने गुणलं की किती होतात ते त्यांना लिहायच्या आधीच कळलं असणार. तरी त्यांनी ते लिहिलं, वजाबाकीची रेघ ओढली आणि रेघेखाली शून्य काढलं. चांगलं मोठं, वाटोळं.

"सात शेवटी आहे," ते म्हणाले.

"हो."

"मग एकशे बारा कुठून आले?"

"मनातले."

"आणि बाकीच्या बाक्या?"

"तीनशे सत्त्याण्णवपर्यंत खऱ्या आहेत."

"पुढच्या सगळ्या मनातल्या?"

"हो, सर."

ते ओरडतील असं वाटलं होतं. छडी शोधतील असंही क्षणभर वाटलं, मी पन्नाशी ओलांडली आहे हे विसरून. ते खुर्चीत बसले आणि हाताला लागलेला खडू धोतराला पुसत राहिले.

"मी तुझ्या बाक्या रोज तिला सांगत होतो रे," ते म्हणाले. "फोटोसमोर. फोन ठेवला की. आज याने इतके काढले, माझे इतके. एकशे बाराही सांगितले." मग म्हणाले, "आता घरी जा."

मी फाटकातून बाहेर पडताना पाटीकडे बघितलं नाही. घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी मान हलवली. तिने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शाळा सुटली की ये. गवंड्याला बोलावलंय."

गवंडी घासायचं यंत्र घेऊन आला होता. सर त्याला म्हणाले, "आकड्याला हात लावू नकोस. खालचे दोन शब्द काढ."

"म्हंजे आकडा चुकला नाय?"

"आकडा तिने दिला तोच आहे. आपण त्याला भलतंच नाव ठेवलं, ते काढायचं."

गवंड्याने यंत्र सुरू केलं. काळी भुकटी उडाली, फरशी पांढुरकी झाली. मग त्याने यंत्र बंद केलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये असं चालायचं नाय. देवाला आपन एक सांगितलं हाय. त्ये मागं घ्याया पायजे."

"मग घे मागे."

"चूक कुनाची लावायची? नाव सांगाया लागतं."

मी म्हटलं, "माझी."

गवंड्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही तर शाळंत गनित शिकवता."

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि आत जाऊन सरांच्या स्वयंपाकघरातून स्वतःच नारळ घेऊन आला. या वेळी रुकार द्यायला मासेवाली, सर, आणि फाटकाशी उभा राहिलेला बर्फाचा टेम्पोवाला. टेम्पोतून पाणी ठिबकत होतं.

"बा देवा म्हाराजा, दसऱ्याला तुझ्या कानावर जे घातलं त्ये बराबर नव्हतं."

"व्हय म्हाराजा."

"ह्या सरांनी आपल्या वाट्याचं काम केलान नाय आनि केलं म्हनून सांगितलान."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मासेवालीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मीही म्हटलं. या वेळी कोणाला थांबावं लागलं नाही.

"आकड्याला भागनारं दोघंजन निघालं हायत. त्येंची नावं..." गवंडी सरांकडे वळला. सरांनी सांगितली. "तीन हजार सहाशे सात, आनि सहा हजार एकोनतीस. त्येंना सुखी ठेव. लेकराचं चुकलंमाकलं पदरात घे रं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला लेकरू म्हटलेलं फार वर्षांनी ऐकलं. टेम्पोवाला नारळाचा तुकडा घेऊन जाताना म्हणाला, "म्हंजे ह्यो फोन नंबर नव्हताच?"

सगळे गेल्यावर मी पायरीवर उभा होतो. जावं की थांबावं ते कळत नव्हतं. सर ओटीवरून म्हणाले, "उद्या मुलांना काय सांगायचं?"

"दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, सर. म्हणजे तेही दुर्मीळच..."

"त्या दोन मूळ आहेत हे कशावरून?"

मोबाइलवरून, असं म्हणायची सोय नव्हती.

"तपासल्याशिवाय मी मुलांना सांगणार नाही. एकदा सांगितलं तेवढं पुरे." त्यांनी दोन पाठकोरे कागद आणि दोन पेन्सिली काढल्या. एक संच माझ्या बाजूला सरकवला. "सहा हजार एकोणतीस आधी. वर्गमूळ सत्त्याहत्तर. फार नाहीत. एक आणि तीन माझ्याकडे."

"सात आणि नऊ माझ्याकडे," मी म्हटलं.

"हो."

आम्ही समोरासमोर बसलो. खाली बंदरात ट्रॉलर लागत होते, इंजिनांचा आवाज येत होता. मी सातने भागलं. सात गुणिले आठशे एकसष्ट, सहा हजार सत्तावीस. "सात, बाकी दोन," मी सांगितलं.

सरांनी आपला अकराचा भागाकार अर्धा सोडला, कागदाच्या कोपऱ्यात सहा हजार एकोणतीस पुन्हा मांडले, सातने भागले, दोन उरलेले बघितले आणि मग मान हलवून अकराकडे वळले.

"सतरा, बाकी अकरा."

त्यांनी सतराने भागून बघितलं. पूर्वी पावसाळाभर त्यांनी माझी एकही बाकी तपासली नव्हती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोनवर मी जे म्हणेन ते ते लिहून घेत आणि फोटोसमोर जात.

एकोणीस, बाकी सहा. त्यांनी तपासलं. एकोणतीस, बाकी सव्वीस. तपासलं. सदतीसला पस्तीस, सत्तेचाळीसला तेरा, एकोणसाठला पुन्हा अकरा. अकरा दोनदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि भागाकार जरा सावकाश केला. अकराच होते.

शेवटची माझी सदुसष्ट राहिली. सदुसष्ट गुणिले नव्वद, सहा हजार तीस. संख्या एकाने हुकली होती. मी दोनदा करून बघितलं.

"सदुसष्ट, बाकी सहासष्ट, सर. एकाने सुटली."

"एकाने?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उजळला. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, कागद उलटा केला आणि भागायला बसले. मी थांबलो.